मानेवरचा मळ

माझ्या लेकीला दोघींनी फसवलं. एक तिची शाळा. दुसरी मी.

शाळेचं आधी सांगते. माझं सांगायला जास्त धीर लागतो.

स्नेहसंमेलनाला आठ दिवस राहिले होते. नाचाचे कपडे बघून घ्यायला शाळेनं आयांना बोलावलं होतं. हॉलमध्ये पंचवीस-तीस बायका. मी दुकान बंद करून, इस्त्रीची साडी नेसून गेले होते. माझी तेजू सहावीत. एकुलती एक. घागरा-चोळी घालून ओळीत उभी होती. शिलाई उसवून, काखेत कापड जोडून चोळी कशीबशी बसवली होती. गळा मागून मोठा होता.

वर्गाच्या मॅडमनी तेजूचे केस वर उचलले. डोकं पुढं दाबलं. मान सगळ्यांकडं केली.

"मम्मी, जरा इकडे या. ही मान बघा. किती मळ साचलाय! रोज आंघोळ घालता ना हिला?"

मान काळी होती. खोटं कशाला बोलू? घडी पडेल तिथं जाड, काळपट पट्टा होता. मलाही मळच वाटायचा.

"स्टेजवर लाइट पडतो. हिला पुढच्या ओळीत कसं उभं करायचं?"

मागून एक आवाज आला. "घरी भांड्यांचं दुकान आहे म्हणे. घासणीची काय कमतरता?"

सगळ्या हसल्या. मोठ्यानं नाही, चांगल्या घरच्या बायका हसतात तशा.

मी म्हटलं, "घासतो मॅडम. उद्या घासून पाठवतो."

त्यावर पुन्हा हसल्या. कोल्हापूरची बाई 'मी जातो, मी घासतो' असंच बोलते. त्यांच्या आयाही असंच बोलत असणार. पण त्या हॉलमध्ये ती बोली फक्त माझ्या तोंडातून बाहेर पडली.

मॅडमनी हात काढला. तेजूनं डोकं वर केलं नाही. तशीच वाकून उभी राहिली. तिला शेवटच्या ओळीत, खांबामागं नेऊन उभं केलं.

आता मी कोण ते ऐका, म्हणजे माझं गप्प राहणं किती महागाचं होतं ते कळेल. उचगावात माझं भांड्यांचं दुकान आहे. माझं स्वतःचं. सुरुवात डोक्यावरच्या पाटीनं केली. जुने कपडे द्या, भांडी घ्या. सगळी शिवाजी पेठ पायाखाली घातली. आज कागलच्या बाजारात व्यापारी मला लांबून बघून म्हणतात, "आली बघा. आता हिच्याबरोबर दोन तास डोकं घासा." मी एकही भांडं वाजवल्याशिवाय घेत नाही. कानाशी धरून टिचकी मारायची. तडा असला की आवाज बसतो. माणसांचंही तसंच. कोण कुठं फुटका आहे ते मला दोन वाक्यांत कळतं. आणि माझं तोंड. ट्रकवाल्यांशी भांडले, पालिकेच्या माणसांशी भांडले, सख्ख्या दिराशी भांडले.

त्या हॉलमध्ये माझा आवाज बसला. कारण तो तडा जुना होता.

माझी आई शिवाजी पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. त्यातल्या एका घरी माझ्याएवढी मुलगी होती. तिच्या वाढदिवसाला तिच्या आईनं, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, मलाही बोलावलं. मी नवा फ्रॉक घालून गेले. नवा म्हणजे त्याच मुलीचा जुना. दारातच काकींनी मला थांबवलं. हनुवटी धरून मान फिरवली. म्हणाल्या, "आधी ही मान घासून ये. मग पोरींत बस."

अंगणात नळ होता. नळाशी माझी आई त्यांची भांडी घासत बसली होती. काकींनी तिलाच सांगितलं. आईनं तोच काथ्या घेतला, तीच राख, आणि माझी मान घासली. दारात पोरी उभ्या राहून बघत होत्या. उन्हानं रापलेली मान होती ती. निघायचं काय तिच्यातून?

मग मला केक मिळाला. सगळ्यांत शेवटी. चेपलेल्या ताटलीत. मी आणखी मागितला तर काकी म्हणाल्या, "पुरे."

त्या दिवशी मी दोन गोष्टी मनाशी बांधल्या. माझ्या पोटी जे येईल त्याला कुणी 'पुरे' म्हणणार नाही. आणि त्याची मान कुणी धरणार नाही.

पहिली मी पाळली. त्यातच तेजूचा घात झाला. दुसरी मोडली, तेव्हा मी शेजारी उभी राहून 'घासतो' म्हटलं.

शाळेतून आले ती सरळ न्हाणीत. तेजूला पाटावर बसवलं. आधी बेसन-लिंबू लावलं. मग साबण आणि काथ्या. मग टाचा घासायची वजरी घेतली.

"आई, निघत न्हाय गं."

"निघंल. गप बस."

"आई, आग हुतीया."

"व्हू दे. लोकांत लाज काढलीस माझी. तवा न्हाय आग झाली?"

हे मी म्हटलं. माझ्या लेकीला. काकी बोलल्या नसत्या असं बोलले.

रोज सकाळी घासली. मान लाल झाली, मग खपल्या धरल्या, खपल्यांखालून पुन्हा काळीच. तेजू ओढणी गुंडाळून शाळेला जायला लागली. पाचव्या दिवशी मी दुकानातून जेवायला घरी आले. न्हाणीतून घासण्याचा आवाज येत होता. भांडी मी घासून गेले होते. दार ढकललं. तेजू आरशाला पाठ करून, मान वळवून, स्वतःच वजरी चालवत होती. तोंडात रुमाल कोंबला होता. रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून.

मानेतून पाणी येत होतं.

तिला तशीच उचगावातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. वयानं लहानच बाई. माझ्याकडून लग्नात कुकर घेतलेल्या. त्यांनी ओढणी सोडली आणि दोघींकडं बघितलं.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडायच्या आत तेजू म्हणाली, "मीच केलं. आईला म्हाईत न्हवतं."

अकरा वर्षांची पोर. माझ्यासाठी खोटं बोलली. मी तिचं खोटं चालू दिलं. त्या खोलीत मी दुसऱ्यांदा गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंनी तिची काख बघितली. तिथंही तसंच काळं होतं. पोट दाबून बघितलं, वजन केलं, रक्त काढायला लावलं, सोनोग्राफीला पाठवलं. कागद आले तेव्हा त्यांनी मला एकटीला बसवलं.

"ताई, हा मळ नाही. कधीच नव्हता. घासून जाणार नाही."

मग त्यांनी समजावलं. खाल्लेल्यातली साखर रक्तात येते. ती रक्तातून पेशीपेशीत न्यायचं काम इन्सुलिन करतं. अंगावर चरबी फार वाढली की शरीर त्या इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग आणखी इन्सुलिन सुटतं. आणखी. मला कळलं ते माझ्या भाषेत कळलं. गिऱ्हाईक बहिरं झालं म्हणून दुकानदारानं दिवसभर बोंबलत बसायचं. आत तो बोंबलतोय, हे मानेच्या कातडीवर उमटतं. काळं, जाड. रक्तातली चरबीही वाढलेली होती. आणि लिव्हरवर चरबी साचली होती.

"लिव्हर? ते तर दारू पिणाऱ्यांचं जातं."

"न पिणाऱ्यांचंही जातं. लहान पोरांचंही. साखर जास्त, हालचाल कमी. आत्ता आवरलं तर लिव्हर सुधारतं. नाही आवरलं तर सूज येते, पुढं ते कडक होत जातं. आणि मधुमेह दारात उभाच आहे."

मी सवयीनं बोलून गेले, "काय तरी कमी करा की डॉक्टर."

त्या हसल्या नाहीत. "माझ्या हातात असतं तर केलं असतं. कमी तुम्हालाच करायचंय." मग विचारलं, "थंड पेयाची बाटली रोज पिते का?"

रोज? दिवसाला दोन. आता माझं सांगते.

तेजू दोन वर्षांची असल्यापासून दुकानात वाढली. नवरा टेम्पो चालवतो, घरी कमी असतो. गल्ल्यामागं एक गादी टाकली होती, तिथं ती बसायची. गिऱ्हाईक आलं, घासाघीस रंगात आली, की पोरगी नेमकी रडायची. सौदा मोडतो की काय अशी भीती. मी हाताला येईल तो पुडा फोडून तिच्या पुढं टाकायची. बिस्किटं, वेफर्स, खारी, गोड पाण्याची बाटली. पोरगी गप्प. सौदा पक्का. मी कधी कुणाला भावात सोडलं नाही म्हणून फुशारकी मारते. त्या प्रत्येक सौद्याला माझी पोर एक पुडा खात होती.

आणि मला त्याचा गर्व होता. बायका तिचा गाल धरून म्हणायच्या, "खात्यापित्या घरची हाय की गं पोरगी!" एकजण म्हणाला, "वैनी, दुकानाला पाटी कशाला पाहिजे? पोरगीच बसवा की दारात." मी खदाखदा हसले होते. सकाळी दूध कट्ट्यावर नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात घरची साखर. ती नको म्हणाली तर मला राग यायचा. "आमाला मिळालं न्हाय. पी." माझ्या लहानपणाची भूक मी तिच्या पोटात भरत होते. तिला भूक होती की नाही, हे कधी विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही मान काही कालची नाही. दोन-तीन वर्षांची आहे. शाळेत दरवर्षी तपासणी होते ना? कुणी सांगितलं नाही?"

माझ्या कानात टिचकी वाजली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता शाळेत. क्लार्कला म्हटलं, "माझ्या पोरीच्या तपासणीचे कागद दाखवा." तो म्हणाला, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत." मी म्हटलं, "असू देत. मी हितंच बसतो. गिऱ्हाईक न्हाय मी, हालायची न्हाय." बाहेर शाळेच्या कँटीनला वेफर्सच्या पुड्यांच्या माळा टांगल्या होत्या. मैदानावर पोरींचा खो-खो चालला होता. तेजूला त्यांनी कडेला बसवलं होतं. सगळ्यांच्या चपला राखायला. नंतर विचारलं तर म्हणाली, "मला धाप लागतीया म्हणून सर म्हणत्यात तू चपला बघ. लई दिवस झालं."

एक तासानं मोठ्या मॅडमनी आत बोलावलं. वर्गाच्या मॅडमही होत्या. टेबलावर फाइल.

मी आवाज चढवला. "माझ्या पोरीला आजार हाय. दरवर्षी तुमी तपासता. मला का सांगितलं न्हाय?"

मोठ्या मॅडम शांत होत्या. त्यांनी एक कार्ड काढून माझ्यापुढं सरकवलं. बोट ठेवलं.

"आम्ही कळवलं होतं. ही तुमची सही."

माझीच सही. खाली रेघ मारून, वर टिंब देऊन. रुबाबात केलेली.

मला तो दिवस आठवला. दोन वर्षांपूर्वीचा. काचेच्या खिडकीशी आयांची रांग. पुढची बाई इंग्रजीत बोलली, मागची इंग्रजीत बोलली. क्लार्कनं कार्ड दिलं, "इथं सही करा." सगळं इंग्रजी. मी सातवी शिकले. मराठी लिहिते, वाचते. 'यात काय लिहिलंय?' एवढंच विचारायचं होतं. पण मागं रांग होती. विचारलं असतं तर कळलं असतं की हिला येत नाही. मी वाचल्यासारखं केलं. दोन वेळा मान हलवली. आणि सही ठोकली.

एक वाटी वाजवल्याशिवाय न घेणारी बाई मी. माझ्या पोरीचं कार्ड मी वाजवून बघितलं नाही.

गप्पच बसणार होते. तिसऱ्यांदा. मोठ्या मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान आलेलं दिसलं. तो चेहरा मला ओळखीचा आहे. गिऱ्हाईक उठून जायला लागतं तेव्हा कधी कधी माझाही तसा होतो.

मी कार्ड परत त्यांच्यापुढं सरकवलं.

"वाचून दाखवा. मराठीत."

"आता त्याची काय गरज..."

"मला इंग्रजी येत न्हाय. तवाबी येत न्हवतं. वाचा."

हे वाक्य म्हणायला मला दोन वर्षं लागली. म्हटल्यावर काहीच झालं नाही. छत पडलं नाही.

त्यांनी वाचलं. तपासणीला आलेल्या डॉक्टरनं लिहिलं होतं: वजन वयाच्या मानानं जास्त. मानेवर त्वचा काळी आणि जाड. रक्ततपासणी करून घ्यावी, पालकांना समजावून सांगावं.

त्याखाली दुसरं अक्षर होतं. निळ्या शाईचं.

"हे कुणाचं?"

वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "माझा शेरा आहे. ते... स्वच्छतेकडे लक्ष द्यावे."

मी दोनदा म्हणायला लावलं. वर डॉक्टरनं रक्त तपासा म्हणून लिहिलं. खाली या बाईंनी त्याचं केलं, आंघोळ घाला. बाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनी डॉक्टरचं वाचलं होतं. तरी त्यांना आजार दिसला नाही, मळ दिसला. का? पोरगी कुणाची आहे ते त्यांना माहीत होतं. बोहारणीचा धंदा केलेल्या बाईची. 'मी घासतो' म्हणणारीची. डॉक्टराच्या पोरीची मान काळी असती, तर त्यांनी फोन केला असता.

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला वाचता येत हुतं."

त्या खिडकीकडं बघायला लागल्या.

मोठ्या मॅडमनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. टाइप केलेला. बहुतेक माझी वाट बघतच ठेवलेला. "हे बघा ताई. गैरसमज झाला. आपण मिटवून टाकू. शाळेबद्दल तक्रार नाही, एवढंच लिहिलंय. इथं सही करा. आणि तेजश्रीला आपण पुढच्या ओळीत घेऊ. मध्यभागी."

कागद इंग्रजीत होता.

मी सौद्याची बाई. समोरून देऊ केलेलं मी कधी सोडत नाही, वर आणखी मागते. आणि क्षणभर, खोटं का बोलू, माझ्या डोळ्यांपुढं तेजू आली. मधोमध, लाइटखाली, घागऱ्यात. पोरगी किती खूश झाली असती. पेन माझ्या हातात होतं.

मी पेन टेबलावर ठेवलं.

"आधी माझ्या सहीनं पोरीचं वाटोळं केलंय. दुसरी देत न्हाय."

"ताई, तुम्ही विनाकारण..."

"ह्यात घासाघीस न्हाय, मॅडम."

उठून आले. येताना मैदानावर तेजूपाशी गेले. ती चपलांच्या ढिगाशी बसली होती. मी तिचा हात धरून उठवलं. सगळ्यांसमोर तिच्या गळ्याची ओढणी सोडली. ती दचकली, दोन्ही हात मानेवर गेले. तिला वाटलं, मी पुन्हा घासणार.

ते दचकणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. कुणी मला समजूत घालू नये. डॉक्टरीणबाई म्हणतात, अज्ञानात झालं. अज्ञान नव्हतं ते. लाज होती. माझी लाज मी माझ्या पोरीच्या मानेवरून घासून काढत होते.

घरी आल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तेजूसमोरच. म्हटलं, "ती खोटं बोलली हुती. मान मी घासली. वजरीनं." तेजू माझ्याकडं बघत राहिली. अजूनही त्यावर ती काही बोलत नाही.

आता दुकानात पुडा येत नाही. गल्ल्यामागची गादी मी काढून टाकली. तेजू रडली, भांडली, एक दिवस शेजारच्या टपरीवरून लपवून आणून खाल्लं. मी मारलं नाही. आम्ही सगळेच आता ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी खातो, कारण एकट्या पोरीला ताट वेगळं वाढलं तर ती चेपलेली ताटलीच झाली. संध्याकाळी दुकान तासभर बंद ठेवून दोघी हायवेच्या कडेनं चालतो. लोक विचारतात, "काय हो, धंदा सोडला काय?" मान अजून काळीच आहे. आतलं सुधारलं तर हळूहळू फिकी होईल, म्हणतात. आठवड्यात नाही होणार. महिन्यात नाही होणार. वजरी मी मोडीत घातली. तरी तेजू न्हाणीत जरा वेळ राहिली की मी दाराबाहेर कान लावून उभी राहते.

स्नेहसंमेलनात ती नाचली नाही. तिनंच सांगितलं. म्हणाली, "आधी मॅडम सगळ्यांत सांगू देत, मळ न्हाय म्हणून. मग नाचतो."

'नाचतो' म्हणाली. याच शाळेत शिकून घरी मला सुधारायची, "आई, 'आलो' नाही, 'आले' म्हण." बाकी बोली तोंडात होती, पण 'जातो-घासतो' तिनं टाकलं होतं. त्या दिवशी ते माझ्यासारखंच बोलली.

म्हणून हे लिहिते. वर्गाच्या मॅडम, मोठ्या मॅडम, तुम्ही वाचणार. तुमच्यापर्यंत मी पोचवणार. मला माफीचा कागद नको. ज्या हॉलमध्ये तुम्ही माझ्या लेकीचं डोकं दाबलंत, त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांसमोर उभ्या राहा. तेजू ताठ उभी असेल. डॉक्टरनं लिहिलेलं तुम्ही वाचलंत, आणि आजाराला मळ का म्हटलंत, ते सांगा. मराठीत सांगा. शेजारी मीही उभी राहीन. पुडे कुणी चारले, सही कुणी केली, वजरी कुणी चालवली, ते मी माझ्या तोंडानं सांगेन.

माझा जबाब मी दिलाय. हा इथं, वर, सगळा. खाली सही करते, वाचून.

आता तुमचा द्या.